एकाच मळीची दोन नावे: बर्बन, व्हिस्की आणि मोहोळची ज्वारी

१/ दिवाळीत अमेरिकेहून मामेभाऊ मोहोळला आला आणि त्याच्या बॅगेतून केंटकीच्या दोन बाटल्या निघाल्या. आजीने गळ्यातली तुळशीची माळ सावरत दुरूनच त्या न्याहाळल्या आणि विचारले, "ह्यात घालत्यात काय रं?" मी म्हटले, "मका." ती म्हणाली, "मग मक्याची दारू म्हण की. व्हिस्की कशापायी म्हणायचं?" घरात सगळे हसले. इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे मी मात्र त्या प्रश्नात अडकून पडलो. हा धागा त्या अडकण्याचा वृत्तान्त आहे.

२/ आरंभीच दोन गोष्टी स्पष्ट करतो. हे मद्यपानाचे समर्थन नव्हे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी माझ्याच तालुक्यात पाहिली आहेत. आणि हे रसग्रहणही नव्हे, जरी चवीचा विचार त्यात येणार आहे. प्रश्न इतिहासाचा आहे: एखाद्या मद्याला कोणते नाव द्यायचे, हे कोण ठरवते? ते ठरवताना कोणाचे हित पाहिले जाते? आणि त्या निर्णयाची चव शेवटी कोणाच्या जिभेवर उतरते?

३/ दोन बाटल्यांपैकी एकीवर लिहिले होते ‘केंटकी स्ट्रेट बर्बन व्हिस्की’, दुसरीवर ‘ब्लेंडेड बर्बन व्हिस्की’. हे शब्द जाहिरातीचे नाहीत, कायद्याचे आहेत. अमेरिकेत बर्बन म्हणवून घ्यायचे तर धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका हवा. ऊर्ध्वपातन ८० टक्के तीव्रतेच्या वर जाता कामा नये, कारण त्यापुढे धान्याची चव निघून जाते. मद्य ओकच्या नव्या, आतून जाळून कोळसलेल्या पिंपात ठेवायचे, आणि पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांहून तीव्र नसावे. ‘स्ट्रेट’ म्हणायचे तर पिंपातला मुक्काम किमान दोन वर्षांचा. त्यात वरून रंग नाही, स्वाद नाही. बाटलीत भरण्यापुरते पाणी तेवढे मिसळायचे.

४/ ‘ब्लेंडेड बर्बन’ची अट सैल आहे. त्यात किमान ५१ टक्के स्ट्रेट बर्बन असले की पुरे. उरलेल्या भागात दुसरी व्हिस्की चालते किंवा न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे ज्यात मूळ धान्याचा गंध-स्वाद जवळजवळ उरलेलाच नाही असे शुद्ध अल्कोहोल, तेही चालते. थोडा रंग वा स्वाद मिसळण्याचीही मुभा आहे. थोडक्यात, पहिली बाटली म्हणजे निखळ ज्वारीची भाकरी आणि दुसरी म्हणजे निम्म्या मैद्याची. दोन्ही खाता येतात. पण बाजारात दोघींना एकच नाव देऊ नये, एवढाच अमेरिकी कायद्याचा आग्रह आहे.

५/ आजीच्या घरात बाटली उघडण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे पुण्यात, मित्राच्या खोलीवर, आम्ही दोघांनी तुलना करून पाहिली. (महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि परवानाही लागतो. आमची पंचविशी आणि परवाने दोन्ही झालेले होते.) तिसरा पेला आम्ही भारतीय बनावटीच्या एका सर्वसामान्य व्हिस्कीचा ठेवला. तिन्ही पेले सारखे, मद्य दोन-दोन चमचे, शेजारी साधे पाणी. मित्राने पेल्यांखाली चिठ्ठ्या लपवल्या, म्हणजे नाव पाहून मत बनू नये.

६/ पहिला पेला. रंग तांबूस, जुन्या गुळासारखा. नाकाशी नेताच व्हॅनिला, भाजलेली साखर, मागून ओल्या लाकडाचा वास. जिभेवर आधी मक्याचा गोडवा, मग राय या धान्याचा मिरीसारखा तिखटपणा. गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळली. दुसरा पेला त्याच घराण्यातला, पण पातळ. व्हॅनिला होता, परंतु ओळख करून देऊन लगेच निघून गेलेल्या पाहुण्यासारखा. मधला भाग मोकळा वाटला आणि शेवट चटकन संपला. अल्कोहोलची ऊब होती. तिच्यामागे बोलणारे धान्य कमी होते.

७/ तिसऱ्या पेल्याचा रंग पहिल्याइतकाच गडद होता. इथेच आम्ही दोघे फसलो. रंगावरून त्याला आम्ही जुने समजलो. वासात भाजलेली साखर होती, लाकूड जवळजवळ नव्हते. जिभेवर प्रथम गोडी, लगेच स्पिरिटची धार, मग फारसे काही नाही. लेबलवरच्या बारीक अक्षरांत खुलासा मिळाला: न्यूट्रल अल्कोहोल, माल्ट स्पिरिट, रंगासाठी कॅरमेल. अल्कोहोल कशाचे, हे लिहिलेले नव्हते. हे मद्य वाईट होते असे मी म्हणत नाही. त्याचा रंग एक गोष्ट सांगत होता आणि चव दुसरी, एवढेच नोंदवतो.

८/ या फरकामागचे रसायन साधे आहे. ओकचे लाकूड जाळले की त्यातील लिग्निन फुटते आणि व्हॅनिलिन तयार होते. लाकडातल्या शर्करा भाजून कोळशाखाली एक तांबडा थर बनतो. उन्हाळ्यात मद्य लाकडात शिरते, हिवाळ्यात बाहेर येते, आणि ये-जा करताना रंग व स्वाद घेऊन येते. म्हणजे पहिल्या पेल्यातला रंग काळाने दिलेला होता आणि तिसऱ्यातला बहुतांशी चमच्याने. परंतु काळ महाग असतो आणि चमचा स्वस्त. मग अमेरिकेतल्या उत्पादकांनी महाग वाट का धरली? त्यांनी ती आपणहून धरली नाही, असे इतिहास सांगतो.

९/ केंटकी १७९२ साली अमेरिकेचे राज्य झाले. डोंगरापलीकडच्या त्या भागात मका उदंड पिके, पण बाजार दूर आणि रस्ते वाईट. मक्याच्या गोणी वाहून नेण्यापेक्षा त्याचे मद्य नेणे शेतकऱ्याला परवडत असे. १७९१ मध्ये संघराज्याने मद्यावर कर बसवला तेव्हा पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी उठले, आणि १७९४ चे ‘व्हिस्की बंड’ मोडायला खुद्द अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी सैन्य जमवले. एलायजा क्रेग या धर्मोपदेशकाने जळक्या पिंपाचा शोध लावला, ही कथा प्रसिद्ध आहे; पण ती दंतकथाच मानावी. बर्बनला एक जनक नाही. त्याच्या भट्ट्यांवर गुलामगिरीत जखडलेल्या आफ्रिकी लोकांनीही राबून घाम गाळला आहे, हे मात्र दंतकथांतून बहुधा गळते.

१०/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडेही ‘चमच्याचा’ धंदा जोरात होता. ‘रेक्टिफायर’ म्हणवणारे व्यापारी स्वस्त न्यूट्रल स्पिरिट घेत, त्यात रंग आणि अर्क घालत आणि जुनी व्हिस्की म्हणून विकत. पिंपातून विकल्या जाणाऱ्या मद्यात वाटेत कोणी काय मिसळले, हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नव्हता. जॉर्ज गार्विन ब्राउन यांनी १८७० मध्ये लुईव्हिल येथे ‘ओल्ड फॉरेस्टर’ मोहोरबंद बाटल्यांतून विकायला आणली, ती याच अविश्वासाच्या काळात.

११/ १८९७ मध्ये ‘बॉटल्ड-इन-बाँड’ कायदा आला. एकाच उत्पादकाचे, एकाच हंगामातले, सरकारी कुलपाखालच्या गोदामात किमान चार वर्षे ठेवलेले आणि ५० टक्के तीव्रतेचे मद्य असेल, तरच सरकार बाटलीवर आपली मोहोर लावील. यामागे केवळ लोककल्याण होते असे समजू नये. कर्नल ई. एच. टेलर यांच्यासारख्या बड्या उत्पादकांना रेक्टिफायरांची स्पर्धा नको होती आणि सरकारला महसुलाची खात्री हवी होती. तरी परिणाम असा झाला की, बाटलीत काय आहे याची हमी शासनाने देण्याची प्रथा पडली.

१२/ १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्यानंतर प्रश्न उभा राहिला: मग व्हिस्की म्हणायचे तरी कशाला? स्ट्रेटवाले म्हणत, फक्त आम्हाला. ब्लेंडवाले म्हणत, आम्हालाही. वाद थेट अध्यक्ष टॅफ्ट यांच्यापर्यंत गेला आणि २७ डिसेंबर १९०९ रोजी त्यांनी निवाडा दिला. धान्यापासून गाळलेले मद्य म्हणजे व्हिस्की. मात्र स्ट्रेट असेल तर तसे लिहा आणि न्यूट्रल स्पिरिट मिसळले असेल तर ‘ब्लेंडेड’ म्हणा. नव्या पिंपाची सक्ती १९३० च्या दशकात आली. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बर्बन हे अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचा ठराव केला. आमच्या पहिल्या दोन पेल्यांतली दरी अशी कायद्याने आखलेली होती.

१३/ योगायोग पाहा. त्याच सुमारास, १९०८-०९ मध्ये, ब्रिटनमध्येही ‘व्हिस्की म्हणजे काय’ हे ठरवण्यासाठी शाही आयोग बसला होता. त्यानेही धान्याची अट मानली आणि माल्टच्या जोडीला इतर धान्यांच्या मद्यालाही व्हिस्की हे नाव दिले. म्हणजे १९०९ मध्ये अटलांटिकच्या दोन्ही काठांवर या प्रश्नाचे उत्तर लिहिले गेले. त्या वेळी मोहोळ ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यातल्या सोलापूर जिल्ह्यात होते. राज्यकर्ता तोच होता. इथल्या मद्याविषयी त्याचा मुख्य प्रश्न मात्र निराळा होता.

१४/ तो प्रश्न होता: किती गॅलन आणि किती तीव्र? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्यांचा काळ संपवत आणला. सर चार्ल्स प्रिचर्ड यांनी आखलेल्या या व्यवस्थेत मद्य सरकारच्या देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांत गाळायचे, तिथेच तीव्रतेनुसार कर भरायचा आणि मगच दुकानात न्यायचे. मुंबईला मोहाची दारू पुरवणाऱ्या भट्ट्या उरणला होत्या. १८९२ च्या ‘म्हाउरा’ कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच बंधने आली. जे फूल आदिवासी कुटुंबाला अन्न म्हणून आणि गुरांना खाद्य म्हणून लागे, ते घरात ठेवणे संशयाचे ठरले.

१५/ याच काळात महात्मा फुले यांनी दुसऱ्या बाजूने प्रश्न विचारला होता. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० मध्ये, त्यांनी शहरात दारूची दुकाने वाढण्यास हरकत घेतली. आरोग्याच्या आणि नीतीच्या गोष्टी बोलणारी नगरपालिका दारूच्या प्रसाराकडे डोळेझाक करते, ही विसंगती त्यांना खटकत होती. १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. म्हणजे आपल्याकडे दोनच आवाज मोठे राहिले: ‘विका आणि कर घ्या’ असे म्हणणारे सरकार, आणि ‘विकूच नका’ म्हणणारे सुधारक. ‘विकता ते नेमके काय आहे?’ हा तिसरा आवाज क्षीण राहिला.

१६/ त्या करव्यवस्थेची एक खूण आजही आपल्या बाटल्यांवर आहे. भारतीय व्हिस्कीची तीव्रता बहुधा ४२.८ टक्के असते. असा विचित्र आकडा का? ब्रिटिश मोजमापात ५७.१ टक्के अल्कोहोल म्हणजे ‘१०० प्रूफ’. त्याहून २५ अंश खाली, म्हणजे ‘२५ अंडर प्रूफ’, म्हणजेच ४२.८ टक्के. अबकारी खात्याचा अधिकारी साइक्सचा हायड्रोमीटर बुडवून हेच माप घेई, आणि मुंबई इलाख्यात मोहाची दारू २५ व ६० अंश अंडर प्रूफ अशा तीव्रतांत विकली जाई. ‘प्रूफ’ची अमेरिकी पद्धत वेगळी, तिथे १०० प्रूफ म्हणजे सरळ ५० टक्के. केंटकीच्या बाटलीने आतल्या धान्याचा इतिहास जपला, आमच्या बाटलीने हायड्रोमीटरचा.

१७/ आता मळीकडे येऊ. १९३२ मध्ये साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशभर कारखाने उभे राहू लागले. आपल्या सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात माळीनगरचा सासवड माळी शुगर फॅक्टरी आणि श्रीपूरचा बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट हे त्याच दशकातले. पुढे सहकाराची लाट आली आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी आले. आज मोहोळ तालुक्यात टाकळी सिकंदरचा भीमा, अनगरचा लोकनेते असे कारखाने उभे आहेत. साखर काढून झाल्यावर जी काळी, चिकट मळी उरते, ती आंबवली की स्वस्त अल्कोहोल मिळते.

१८/ धान्याचा दुष्काळ वारंवार अनुभवलेल्या देशात मळीपासून अल्कोहोल काढणे शहाणपणाचेच होते. खायचे धान्य भट्टीत घालण्यापेक्षा कारखान्याचे उरलेले द्रव्य वापरलेले बरे. अडचण नावाची झाली. मळीपासून गाळलेल्या मद्याला जगात रम म्हणतात. युरोपीय संघात मळीच्या स्पिरिटची बाटली व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. आपल्याकडे मात्र त्याच अल्कोहोलात थोडे माल्ट, थोडी स्कॉच आणि कॅरमेल घालून तयार होणाऱ्या मद्याला व्हिस्की हे नाव मिळाले आणि ते रुळले. आता अनेक कंपन्या धान्याचे अल्कोहोल वापरतात. पण नाव रुळले ते मळीच्या पाठीवर बसून.

१९/ या दरम्यान दारूबंदीचे पर्व आले. काँग्रेस मंत्रिमंडळाने डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी सुरू केली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदीचा अधिकार मान्य केला, पण अल्कोहोल असलेल्या औषधी व प्रसाधनांवरची बंदी रद्द केली. साठच्या दशकापासून बंधने सैलावत गेली. परंतु कायदा गेला नाही. आजही महाराष्ट्रात मद्यविक्री चालते ती ‘दारूबंदी कायद्या’खाली. बंदी हा नियम आणि विक्री हा परवान्याने मिळालेला अपवाद, अशी ही रचना आहे.

२०/ अशा रचनेत मद्याचे वर्गीकरण कशावर होणार? १९७३ च्या नियमांनी ‘देशी दारू’ हा वर्ग बांधला. दुसरा वर्ग ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’. हे शब्द सावकाश वाचा. ज्या मळीच्या अल्कोहोलात संत्र्याचा स्वाद घातला की ‘देशी’ होते, त्याच प्रकारच्या अल्कोहोलात माल्ट आणि कॅरमेल घातले की ‘विदेशी’ होते. मळी एकाच उसाची, कदाचित एकाच शिवारातली. नावे दोन, कर दोन, दुकाने दोन आणि पिणाऱ्यांची प्रतिष्ठाही दोन प्रकारची. आजीचा प्रश्न इथे धारदार होतो: आत काय घातले आहे यावरून हे नाव पडलेले नाही.

२१/ आणि मोहोळची ज्वारी? रब्बी ज्वारीचा ‘एम ३५-१’ हा विख्यात वाण १९३० च्या दशकात मोहोळच्याच संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडला गेला. आज इतक्या दशकांनंतरही तो दख्खनच्या काळ्या रानात पेरला जातो. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केंटकीला जसा मका, तशी आम्हाला ज्वारी. चीनमध्ये ज्वारीपासून बायजिऊ गाळतात, आणि ते जगातल्या सर्वाधिक खपाच्या मद्यांत गणले जाते. म्हणजे ज्वारीत मद्याची क्षमता नाही, असे नव्हे. मग आमच्या ज्वारीचे नाव कोणत्याही बाटलीवर का नाही?

२२/ एकदा ते येऊ घातले होते. २००७ मध्ये महाराष्ट्र सरकारने धान्यापासून अल्कोहोल काढणाऱ्या प्रकल्पांना अनुदानाचे धोरण आखले. पावसाने काळी पडलेली ज्वारी खायला चालत नाही, तिला भाव मिळेल, असा युक्तिवाद होता. डॉ. अभय बंग आणि अण्णा हजारे यांनी कडाडून विरोध केला: भुकेच्या राज्यात धान्याची दारू करण्यासाठी सरकारी पैसा द्यायचा? मला हा आक्षेप आजही रास्त वाटतो. मात्र त्या वादातही एक बाब दुय्यम राहिली. ती ज्वारी ज्वारी म्हणून बाटलीत जाणारच नव्हती. तिचे न्यूट्रल अल्कोहोल होणार होते, ज्यातून ज्वारीची ओळख आधीच धुऊन काढलेली असते.

२३/ जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्याधारित मद्याचा नवा वर्ग निर्माण केला आणि त्याच वेळी भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे शुल्क वाढवले. नाव नवे, प्रेरणा मात्र ओळखीची: महसूल. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने बर्बनवरचे आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणले होते. म्हणजे केंटकीच्या मक्याला आपल्या बाजारात आपल्या नावाने थोडी वाट मोकळी झाली. मोहोळची ज्वारी अजून ‘धान्य’ या सामान्यनामातच आहे.

२४/ एक धागा मात्र दोन्ही इतिहासांना सुखद रीतीने जोडतो. बर्बनला प्रत्येक वेळी नवे पिंप लागते, म्हणून वापरलेली पिंपे केंटकीतून जगभर विकली जातात. ती स्कॉटलंडला जातात, बंगळूरच्या ‘अमृत’ला येतात आणि गोव्याच्या ‘पॉल जॉन’लाही येतात. अमृतने २००४ मध्ये ग्लासगोत आपली सिंगल माल्ट उतरवली. पॉल जॉन २०१२ मध्ये लंडनमध्ये आली. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के मद्य उडून जाते, गोव्याच्या उष्म्यात सुमारे ८ टक्के. त्यामुळे इथे मद्य लवकर पिकते. बार्लीपासून, कोणतीही लपवाछपवी न करता केलेली व्हिस्की आपल्याकडे होऊ शकते, हे यांनी सिद्ध केले. फक्त तिची किंमत सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर असते.

२५/ ‘नावात काय आहे, पिणारा पितोच’ असे कोणी म्हणेल. पण आत काय आहे हे न विचारण्याची सवय वरून खालपर्यंत झिरपते. तळाशी हातभट्टी असते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मेलेले बहुतेक कष्टकरी होते, आणि पेल्यात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. सोलापूर जिल्ह्यात २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले. हातभट्टीवर जगणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचा तो प्रयत्न. छाप्यापेक्षा तो मार्ग मला अधिक इतिहासाचे भान असलेला वाटतो, कारण भट्टीमागची माणसे त्याने पाहिली.

२६/ समारोप. अमेरिकेतला कायदा पवित्र नव्हता; तिथेही स्वार्थाशी स्वार्थ झगडला. पण त्या झगड्यातून गिऱ्हाइकाला एक हक्क मिळाला: आत काय आहे ते कळण्याचा. आपल्याकडे शासन आणि सुधारक यांच्यातला झगडा पिण्या-न पिण्यावर झाला, आणि तो हक्क मधल्या मध्ये हरवला. बंदी हवी की नको, यावर आपले मतभेद राहोत. तोवर प्रत्येक बाटलीवर, देशी असो वा विदेशी, एक ओळ ठसठशीत असावी: हे अल्कोहोल मळीचे की धान्याचे, कोणत्या धान्याचे, आणि पिंपात किती काळ राहिलेले. यासाठी दारूचे समर्थक असण्याची गरज नाही. विषाच्या बाटलीवरही नाव लिहितातच.

२७/ पुण्याहून परतल्यावर आजीला हे सारे थोडक्यात सांगितले. मळीची गोष्ट ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे कारखान्याला घातलेला आपलाच ऊस, आन् नाव इलायतचं." चुलीवर भाकरी फुगत होती, मालदांडीची. तिने ती टोपलीत टाकली आणि म्हणाली, "हिला कुणी मैदा म्हनून दाखवावं." माझ्या धाग्याचा सारांश तिने एका ओळीत केला होता.

(धागा समाप्त. आपल्या गावात जुनी अबकारी भट्टी, ताडी-मोहाच्या मक्त्याचे कागद किंवा दारूबंदीच्या काळातले परवाने कोणाच्या घरी असतील तर अवश्य कळवा. असे कागद रद्दीत जाण्याआधी वाचले पाहिजेत.)